बियाण्यात दडवलेला हुकूम

मित्रांनो, पत्र्याची जुनी काळी पेटी मी. भोरच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवले. मार्गासनीजवळच्या वाडीतल्या हनुमंताने मला विकत घेतले आणि झाकणावर पांढऱ्या रंगाने आपले नाव रंगवले.

हनुमंता राखीव फौजेतला जवान. वर्षातले दोन महिने तो छावणीत सरावाला जाई, उरलेले दहा महिने घरी शेती करी. छावणीत मी रोज पुसली जायची. एकदा साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून "पेटी अशी ठेवावी" असे सगळ्यांना सांगितले. खोटे कशाला बोलू, मी फुगले होते!

घरी मात्र माझ्यात भाताचे बियाणे भरत, कारण पत्र्याला उंदीर लागत नाही. हनुमंताची आई, कमळाबाई, हिचा दंडक होता की तरवा टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी बी पेरायच्या, दिवसापर्यंत झाकण उघडायचे नाही. ती गेल्यावरही बापलेकांनी तो पाळला.

यंदा वैशाखात पोस्टातली शिवानी पत्र घेऊन आली. हनुमंता शेतात होता. त्याचे वडील गेनूआबा यांनी तिच्याकडून ते वाचून घेतले.

"आबा, दादाला कायमच्या ड्युटीवर बोलवलंय. पंधरा दिसांत हजर व्हायचंय."

ती गेली. मग आबांनी माझे झाकण उघडले, पत्र बियाण्यात खोल खुपसले आणि कडी लावली. तरवा टाकायला अजून महिना होता. मुदत टळली असती आणि माझा हनुमंता पळपुटा ठरला असता. मला ओरडावेसे वाटले, पण पत्रा कुठला ओरडणार?

अकराव्या दिवशी हनुमंता माझ्यावरच येऊन बसला. ताटातली भाकरी तशीच होती.

"आबा, माज्याबरोबरच्या समद्यांस्नी बोलावणं आलं. मलाच वगळलं. तीन वर्सं वाट बघतोय. माजं काय चुकलं आसंल?"

"ऊठ तितनं," आबा म्हणाले. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून पत्र बाहेर काढले. "तुजं काय बी चुकलं न्हाई. म्या दडवलं. तू गेल्यावर बोलायचं कुणाशी?"

हनुमंता रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. तो बापाच्या पायाशी बसला आणि पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

सकाळी त्याने बियाणे पोत्यात ओतले. मी हरखले, आता कायमची छावणी! त्याने कपडेही भरले. मग ओसरीवरच्या आबांकडे पाहिले, कपडे काढून पिशवीत कोंबले आणि बियाणे परत माझ्यात भरले.

"पेटी हितंच ऱ्हाऊ द्या, आबा. बियाणं उंदरं खातील."

एस.टी. त्याला घेऊन गेली. मी त्याच्यावर रुसले होते, हे कबूल करते.

आता आबा माझ्याजवळच बसतात. बांध कुठे फुटला, शेजारची गाय व्यायली का, सगळे मला सांगतात. मधेच थांबतात आणि माझ्याकडे बघत राहतात. त्या वेळी मला माझ्या पत्र्याच्या जन्माची फार लाज वाटते.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगही देऊ नका. तुमच्या शेजारी असे कोणी एकटे बोलत बसले असेल, तर घटकाभर जवळ बसा आणि नुसते "हं" म्हणा. मला तेवढेही येत नाही.