झाकून ठेवलेला कापूर

मित्रांनो, आपली चूक आधी सांगावी आणि ओळख मागाहून करून द्यावी, असा माझा स्वभाव आहे. कापूर राखायचे एकच काम माझ्याकडे होते आणि तेच माझ्या हातून झाले नाही. मी एक जुनी पितळी डबी आहे.

बेळगावच्या एका तांबटाने मला घडवले. झाकण इतके घट्ट बसवले की उघडताना नखे दुखत. कंग्राळीच्या गुणाबाईंनी मला बाजारातून घरी नेले आणि देवळीत ठेवले. कापूर म्हणजे उडून जाणारी वस्तू, म्हणून त्याच्याबरोबर चार मिरेही टाकले. शेजारणींचा कापूर महिन्यात निम्मा होई, माझ्यातला जसाच्या तसा राही. "गुणाबाईची डबी लई इमानी," असे बायका म्हणत आणि मी फुगून जाई. खोटे कशाला सांगू?

१९१५ साली गुणाबाईंचा एकुलता एक मुलगा भरमू पलटणीत भरती झाला आणि बसऱ्याकडे लढाईवर गेला. घरात त्याची बायको जयाबाई राहिली, सोळा-सतरा वर्षांची. पुढच्या वर्षी सरकारी पत्र आले, तेही इंग्रजीत. शाळेतले केशव मास्तर ते वाचून दाखवायला आले तेव्हा गुणाबाई देवपूजा करत होत्या. मी त्यांच्या हातात होते.

मास्तर म्हणाले, "भरमू मेला असं लिहिलेलं नाही. 'मिसिंग' लिहिलंय. म्हणजे सापडत नाही."

मी हातातून निसटून दगडी पायरीवर आपटले. माझ्या झाकणाची कड चेपली. बाईंनी मला उचलले, पण त्यांचे लक्ष माझ्याकडे नव्हते.

"कापरावानी उडाला म्हना की, मास्तर."

"नाही, नाही. त्याला साहेबाच्या भाषेत वेगळा शब्द आहे, 'इव्हॅपोरेट'. रंग हळूहळू विटतो त्याला 'फेड' म्हणतात. धुकं बघता बघता नाहीसं होतं, ते 'व्हॅनिश'."

मास्तर घाबरले की शिकवू लागत. गुणाबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ह्यातला परत येनारा सबूद कंचा?"

मास्तरांनी पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "मिसिंग."

त्या एका शब्दावर बाईंनी बारा वर्षे काढली. भरमू आला की जयाबाईने त्याला याच कापराने ओवाळायचे, तोवर डबी उघडायची नाही, असे त्यांनी ठरवले. मला फडक्यात बांधून ठेवले.

पण मित्रांनो, चेपलेल्या झाकणातून कापूर जाऊ लागला होता. ना आवाज, ना डाग. मला कळत होते, सांगता येत नव्हते. दोन पावसाळ्यांत माझ्यात कापराचा कणही उरला नाही. "मिरं हाईत की आत, कापूर जातोय कुठं?" असे बाई म्हणत, आणि मी लाजेने अर्धी होई.

लढाई संपली. पलटणीतली माणसे परतली, भरमू आला नाही. त्यानंतर जयाबाईचा भाऊ नागोजी आला. उचगावचा एक चांगला माणूस जयाबाईशी पाट लावायला, म्हणजे दुसरे लग्न करायला तयार होता.

"माझा ल्योक मेल्याला न्हाय," गुणाबाई म्हणाल्या. "त्यो मिसिंग हाय."

नागोजी पाणीसुद्धा न पिता निघून गेला. जयाबाई चुलीपाशी बसली होती. तिला कोणीच काही विचारले नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

बारा वर्षे बेपत्ता राहिलेल्या माणसाचा गवताचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. १९२८ साली भाऊबंद तेच सांगायला आले. थकलेल्या गुणाबाई या वेळी हो म्हणाल्या. पुतळा करायचा दिवस आला. "मग ह्योच कापूर घ्या," म्हणत त्यांनी फडके सोडले आणि माझे झाकण काढले. आत नुसते चार मिरे होते.

बाई रडल्या. पत्र आल्यापासून त्यांना रडताना मी पाहिले नव्हते. मग त्यांनी मान वर करून सुनेकडे बघितले. तिशीतच जयाबाईचे केस पिकू लागले होते.

"तुझं वय बी मी असंच झाकून ठिवलं गं," गुणाबाई म्हणाल्या. "नागोजी आलता, तवा जायाचं हुतं का तुला?"

जयाबाईने पुतळ्यासाठी आणलेले गवत खाली ठेवले.

"तवा इचारलं असतं, आत्या, तर गेले असते."

आता १९४७ साल चालू आहे. गुणाबाई कधीच गेल्या. जयाबाई मला अजून चिंचेने घासते, पण माझ्यात कापूर ठेवत नाही, सुया ठेवते. मित्रांनो, तुमच्या घरी फडक्यात बांधून ठेवलेले काही असेल तर ते वेळेवर सोडून बघा. आणि चुलीपाशी कोणी गप्प बसलेले असेल, तर त्याला काय हवे ते आजच विचारा. उशिरा विचारले तरी उत्तर मिळते, पण ते ऐकून घेण्यापलीकडे आपल्या हाती काही उरत नाही.