शिव्यांची परवानगी

कौसाबाईंनी पाण्याने भरलेली बादली उचलली आणि अंगणात भांडणाऱ्या दोघांच्या मधोमध रिकामी केली. कोंबडे झुंजायला लागले की त्या हेच करत. कोंबडे निदान पळून तरी जातात. हे दोघे ओल्या चपलांनी तिथेच उभे राहिले आणि एकमेकांकडे बोट दाखवत एकदमच म्हणाले,

"मम्मी, शुरू उसने किया!"

दोघांतला उंच तो पास्काल. बुटका, गोल चेहऱ्याचा, खिशात कायम भाजलेले शेंगदाणे बाळगणारा तो मूमुनी. खोल्या भाड्याने दिल्या त्याच दिवशी कौसाबाईंनी एकाचा भास्कर करून टाकला होता आणि दुसऱ्याचा मुनी, आणि दोघांनीही ते बिनतक्रार चालवून घेतलं होतं. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो नावाच्या देशातले हे व्यापारी. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून जीन्स घ्यायच्या आणि गठ्ठे बांधून मायदेशी धाडायच्या, हा त्यांचा धंदा. अंबरनाथ पश्चिमेला कौसाबाईंच्या तळमजल्यावर समोरासमोरच्या दोन खोल्यांत ते राहत आणि रोज सकाळी दात घासता घासता एकमेकांचा उद्धार करत. मुनी बिसा समाजाचा, भास्कर गुरुन्सी. हे शेजारी शेजारी राहणारे दोन वेगळे समाज आहेत आणि त्यांचं हे फार जुनं आहे, असं सुयोगने, म्हणजे कौसाबाईंच्या मुलाने, मोबाइलवर वाचून सांगितलं होतं. पुढचं वाचायच्या आत त्याला फोन आला. जुनं म्हणजे वैरच असणार, असं कौसाबाईंनी धरून टाकलं.

एरवी त्यांनी कानाडोळा केला असता. पण आज ओट्यावर ठमाबाई बसल्या होत्या. ठमाबाई म्हणजे कौसाबाईंच्या लेकीची, तेजलची, सासू. त्या खास कुळगावहून रिक्षा करून आल्या होत्या आणि त्यांच्या देखत भास्करने स्टुलावर चढून जाहीर केलं होतं, "ये मेरा गुलाम है! इसका दादा मेरे दादा ने एक टोकरी मूंगफली में खरीदा! टोकरी भी वापस नहीं मिली!" त्यावर मुनीने शेंगदाण्याची मूठभर टरफलं त्याच्या डोक्यावर उधळली होती.

"माफ करा हां विहीणबाई," कौसाबाई बादली खाली ठेवत म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते.

"अहो, त्यात काय," ठमाबाई म्हणाल्या. कपातला चहा त्यांनी थेंबभरही हलू दिला नव्हता. "तुमच्याकडे माणसांची वर्दळ असायचीच. म्हणून तर म्हणते, तेजलचं बाळंतपण आमच्याकडेच होऊ द्या. तुम्हाला उगीच त्रास कशाला?"

"त्रास कसला हो? पहिलं बाळंतपण माहेरी..."

"नको, खरंच नको. तुम्ही आधीच एवढं करता. येत्या रविवारी डोहाळजेवणाला मात्र अवश्य यायचं हं."

असं म्हणून त्यांनी कप बशीत ठेवला, नमस्कार केला आणि त्या गेल्या. कौसाबाईंना वाटलं, हिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर निदान उलट काही बोलता आलं असतं. या गुळगुळीत बोलण्यावर पायच ठरत नव्हता. माळ्यावरचा लाकडी पाळणा त्यांनी गेल्याच आठवड्यात उतरवून धुऊन ठेवला होता. तेजल त्याच पाळण्यात वाढली होती. आता तो पुन्हा माळ्यावर चढवायचा, या विचाराने त्यांना रडूच फुटलं.

मग रडं ओसरलं आणि राग आला. राग काढायला दोघे समोरच होते.

"आजपासून इस घर में गाली बंद," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "एकमेकांला जी बोलायचा. आप बोलायचा. नायतर खोली खाली करायची. समझा?"

भास्करचा चेहरा उतरला. "मम्मी, ये नहीं हो सकता."

"का नाय हो सकता?"

"वो बिसा है," भास्कर अगदी मनापासून म्हणाला. "मैं उसको आप कैसे बोलूँ? लोग क्या बोलेंगे?"

"माझी पोरगी दुरावली तुमच्यापायी," कौसाबाई म्हणाल्या. त्यांना हे मराठीतूनच म्हणावंसं वाटलं. भास्करला शब्द कळले नसावेत, पण तो स्टूल उचलून आत गेला.

आणि घर शांत झालं. सकाळी नळावर भास्कर म्हणे, "गुड मॉर्निंग, मिस्टर मूमुनी." मुनी म्हणे, "आपको भी, सर." एक जण आला की दुसरा बाजूला होऊन वाट देई. पूर्वी दोघे एकाच रिक्षातून भांडत कॅम्प पाचला जात. आता दोन रिक्षा करून जाऊ लागले. मुनीच्या खिशात शेंगदाणे दिसेनात. कौसाबाईंनी आधी समाधान मानलं, मग त्यांना अंगणात चुकल्यासारखं व्हायला लागलं. घरात आजारी माणूस असल्यासारखे सगळे हळू बोलत होते.

गुरुवारी सकाळी मुनीला गावाहून फोन आला. त्याचे वडील वारले होते. तिकीट काढून पोहोचेपर्यंत माती होऊन गेली असती, म्हणून जाण्यातही अर्थ नव्हता. तो खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिला. कौसाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, चहा दिला, पण तो कपातच निवून गेला. मग समोरच्या खोलीतून भास्कर आला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो दोन हात अंतरावर उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला,

"सर, आपके पिताजी के लिए मुझे बहुत दुख है."

इतका वेळ कोरडा बसलेला मुनी हे ऐकून हंबरडा फोडून रडायला लागला. भास्करही तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. कौसाबाई गोंधळल्या. एवढं सभ्य बोलल्यावर माणसाने धीर धरायचा की असा कोसळायचा?

"मम्मी," मुनी हुंदके देत म्हणाला, "एक दिन की परमिशन दो. सिर्फ आज. इसको गाली देने दो."

"अरे देवा, तुजा बाप गेला रे! आज गाली?"

"आज ही तो, मम्मी!"

मग त्या उंबऱ्यावर बसून, मोडक्या हिंदीत, कधी हातवारे करून मुनीने त्यांना सांगितलं. बिसा आणि गुरुन्सी कधी भांडत नाहीत. पूर्वजांनी ठरवून दिलेलं आहे, की या दोघांनी एकमेकांची फक्त टर उडवायची. गुरुन्सी काहीही बोलला तरी बिसाने रागवायचं नाही, आणि बिसा बोलला तर गुरुन्सीने. राग आला तर तो आपल्याच माणसाचा अपमान. परक्याला कोण शिव्या देतं? परक्याशी माणूस नीट बोलतो. आणि बिसाच्या घरी कुणी वारलं की गुरुन्सी येतात, रस्त्यात आडवे पडतात, शेंगदाणे दिल्याशिवाय मयत पुढे जाऊ देत नाहीत, मेलेल्याच्या नकला करतात. रडणाऱ्यांना हसवून सोडतात.

"और गुरुन्सी नहीं आया, मम्मी," मुनी म्हणाला, "तो लोग समझते हैं, मरनेवाले का कोई नहीं था."

कौसाबाई उठल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या, शेंगदाण्यांचा डबा उघडला आणि मुनीच्या ओंजळीत ओतला.

"दे गाली," त्या भास्करला म्हणाल्या. "पोटभर दे."

भास्करने इस्त्रीचा शर्ट बाहेर ओढला, कौसाबाईंची काठी घेतली, पाठीत वाकला आणि मुनीचा म्हातारा बाप झाला. म्हातारा खोकत खोकत अंगणभर फिरला. मला पुरू नका रे, म्हणाला, घरात अजून शेंगदाण्यांचं एक पोतं शिल्लक आहे! मग तो फाटकात आडवा पडला आणि म्हणाला, हा गुलाम मला शेंगदाणे देत नाही तोवर मी स्वर्गात जाणार नाही. मुनी आधी रडत होता, मग हसायला लागला, मग दोन्ही एकदम करायला लागला. शेवटी त्याने मूठभर दाणे भास्करच्या तोंडात कोंबले. "खा, चोर! मेरे बाप का भी खा!" आणि त्याच्या गळ्यात पडला.

कौसाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना तेजलच्या हळदीची रात्र आठवली होती.

तेजलने लग्न जमवलं ते स्वतःचं स्वतः. मुलगा कुणबी, हे आगरी. एकाच मुलुखातले दोन समाज. यांचे आजे खाडीवर मीठ पिकवायचे, त्यांचे आजे डोंगर-उतारावर नाचणी, आणि बाजारात भेटले की एकमेकांना चिमटे काढायचे. हळदीला विहिणीला शिव्या घालणारी गाणी म्हणावीत तर कौसाबाईंनीच, असा त्यांचा लौकिक होता. पाचपंचवीस घरांतून त्यांना बोलावणं यायचं. पण लेकीच्या हळदीला सुयोगने बजावलं, "आई, ते वेगळे लोक आहेत. तुझी ती गाणी नको. गैरसमज होईल." कौसाबाईंनी ऐकलं. डीजे लावला. ठमाबाई आपल्या बायका घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पदर खोचून, कौसाबाईंच्या तोंडाकडे बघत. मग दोनच घास खाऊन उठल्या. कौसाबाईंना इतके दिवस वाटत होतं, की मटण तिखट झालं होतं.

"अगं माझे बाये," कौसाबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी कुळगावला डोहाळजेवण होतं. तेजल हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत अवघडून बसली होती. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी लागली होती. ठमाबाई दारातच पुढे आल्या.

"या, विहीणबाई. बसा ना. तुम्हाला पंखा लागतोय ना? काही हवं असलं तर संकोच करू नका हं."

कौसाबाई बसल्या. लेकीची ओटी भरली. चुकलं तर लेक तर मिळणार नाहीच, वर हे दारही बंद होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी हात लांब करून तो मोबाइल बंद केला. सुयोग दारातून डोळे मोठे करून बघत होता. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली, पदर खोचला आणि गळा मोकळा सोडला.

*"कुळगावची इहीन माझी नाचणीचं पोतं,*
*उचलायला चार गडी, तरी हलत नव्हतं!"*

तेजलने डोळे मिटून घेतले. ठमाबाईंच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. ते त्यांनी सावकाश खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि कौसाबाईंच्या समोर येऊन मांडी ठोकली. त्यांना आठवावंही लागलं नाही.

*"अंबरनाथची इहीन माझी मिठाची गोण,*
*एका सरीत इरघळली, तिला पुसतंय कोण!"*

आणि त्यालाच जोडून दुसरं. मग तिसरं. एकात कौसाबाईंचं नाक होतं, एकात त्यांचा डीजे होता, आणि डीजेवरच्या कडव्याला तर ठमाबाईंच्या बायकांनी एकसाथ सूर धरला. म्हणजे त्या हळदीपासूनच ते सगळ्यांना पाठ होतं. कौसाबाई हसत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी पुसत होत्या. ठमाबाईंचा आवाज शेवटच्या कडव्यात फाटला, तरी त्या थांबल्या नाहीत.

"दमली का गो?" ठमाबाई धापा टाकत म्हणाल्या. "नुसतं ऐकलेलं, कौसा तोंडाची लई फाटकी हाय. इतक्यात दमली?"

"तुझी नाचणी लागली घशाला."

"बरं झालं. ही तुझी पोर पण खाऊन खाऊन माझी कणगी खाली करत आली. उचल तिला. ने तुझ्या घरी आणि कर तिचं काय करायचं ते."

तेजलने डोळे उघडले आणि आईकडे बघितलं. कौसाबाईंनी मान हलवली. त्या सुयोगला म्हणाल्या, "रिक्षा बघ."

ठमाबाईंनी तेजलची बॅग स्वतः भरली. कौसाबाईंनी लेकीला हळूहळू रिक्षात बसवलं आणि त्या तिच्या शेजारी बसल्या. सुयोग पुढे बसला. रिक्षावाल्याने गाडी सुरू केली आणि लगेच बंद केली. समोर रस्त्यात ठमाबाई पाट टाकून ऐसपैस बसल्या होत्या, पायावर पाय टाकून.

"माझी सून अशी फुकट जायची नाय," त्या ओरडल्या. "आणखी एक म्हण माझ्या नावाचं, नायतर रिक्षा हलणार नाय. बघते कोण उठवतंय!"

कौसाबाईंना असं हसू फुटलं की त्यांनी रिक्षाची दांडी धरली.

"आई, काय झालं गं?" तेजलने विचारलं.

"काय नाय गो," कौसाबाई उतरता उतरता म्हणाल्या. "भास्कर आठवला."