कौलाचा मोबाईल

"थांबा रे, रेंज येऊ द्या!"

मयुरीने कौलाचा तुकडा डोळ्यांसमोर धरला, मग हात उंच करून खिडकीशी नेला. खांद्यावर पदर म्हणून खिचडीच्या पातेल्याचं फडकं. समोर सगळी पोरं तोंडावर बोट ठेवून बसलेली. चार वर्षांची मयुरी आज अंगणवाडीची बाई झाली होती.

खरी बाई रत्ना. हापशाजवळ उभी राहून, मोबाईलवर हजेरी पाठवून ती परतली आणि दारातच थबकली. आत मदतनीस कोकिळाबाई पदरात तोंड लपवून हसत होती.

"वना, काय झालं रे?" मयुरीने विचारलं आणि लगेच मान कौलात घातली. "बरं, बस."

रत्नालाही हसू आलं. तिचाच आवाज, तिचीच मान. मग तिला वना दिसला. प्रश्न ऐकून त्याने तोंड उघडलं होतं. "बरं, बस" ऐकल्यावर ते मिटलं.

वना अंगणवाडीत आला त्या दिवसापासून एक शब्द बोलला नव्हता. रत्ना रोज त्याला विचारायची. पण विचारल्यावर त्याचं तोंड उघडतं, हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

सकाळीच त्याची आजी कमलबाई दारात भांडून गेली होती. "घर तं दिनभर डोकं खास मन्हं. आठे का बरं मुका व्हई जास? सोमवारपाईन धुयाले धाडसू त्याले, गाडीमा बसाडीसन. तठली बाई तरी बोलता करी!"

घरी तोंड न मिटणारा वना इथेच मुका होत होता, आणि सोमवारपासून आजी त्याला धुळ्याच्या अंगणवाडीत धाडणार होती. आखाजीच्या सणाच्या तोंडावर रत्नाची आई, सुमनबाई, गेली. तिकडे पहूरला आईने उभा जन्म अंगणवाडीतच काढला होता. तेरावं आटोपून रत्ना सासरी परतली आणि मोबाईलमध्ये शिरली. वजनं, उंच्या, फोटो. त्यात डोकं घातलं की कुणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला सेविकांची मासिक बैठक होती. नव्या पर्यवेक्षिका देवरे मॅडम म्हणाल्या, "रजिस्टरं पिशवीतच राहू द्या. या महिन्यात स्वतःच्या कामाकडे बघताना काय दिसलं, तेवढं एकच सांगा."

"आरसा आणलाय का मॅडम?" मागून लताबाई म्हणाली. नोकरीत मुरलेली बाई, ती कुणाला भीत नसे. "आज चूक सांगायची आणि उद्या नोटीस घ्यायची, असंच ना?"

बायका खुदखुदल्या. मॅडमही हसल्या. "मग मीच सांगते आधी. मी तुमच्याकडे येते, वजनकाटा तपासते, सही करते, निघते. तुमच्यातल्या एकीच्याही अंगणवाडीतल्या पोराचं नाव मला सांगता यायचं नाही."

रत्ना उठली कधी, तिचं तिलाच कळलं नाही. तिने कौलाचा मोबाईल सांगितला, रेंज सांगितली, "बरं, बस" सांगितलं. बायका डोळे पुसपुसून हसल्या. मग तिने वनाचं तोंड सांगितलं, आणि कुणीच हसलं नाही.

"माझी पोरं माझ्या डुलकीची नक्कल करतात," लताबाई हळूच म्हणाली. "मला वाटायचं, वात्रट आहेत." मग रत्नाकडे वळून, "आता काय करशील गं?"

"विचारीन आणि थांबेन."

"कुठवर?"

"तो बोलेपर्यंत."

"म्हणजे खिचडी संध्याकाळी!"

परतीच्या एसटीत रत्नाला आई दिसली. एक पाय मुडपून, दुसरा गुडघा उभा, साडीचा काठ त्या पायाखाली खोचलेला. पोराला काही विचारलं की आई जमिनीवरचा एखादा खडा उचलून तळहातावर घोळवत बसायची. पोराकडे टक लावून बघायचं नाही. नजरेच्या ओझ्याखाली शब्द दबतो, म्हणायची.

सकाळी रत्नाने मोबाईल फडताळात ठेवला आणि वनासमोर जमिनीवर बसली, एक पाय मुडपून.

"वना, काय झालं रे घरी?"

तोंड उघडलं. मिटलं. रत्नाने खडा उचलला. पोरं चुळबुळली. फडताळात मोबाईल वाजला.

"बाई, रेंज आली!" मयुरी ओरडली.

"येऊ दे."

कोकिळाबाईने दारातून दोनदा पातेल्यावर डाव वाजवला आणि मग तो खाली ठेवला. खडा या हातातून त्या हातात गेला.

"आमनी बकरी व्यायनी," वना म्हणाला.

रत्नाने मान वर केली नाही. "मग?"

"पिल्लू उभं राहत नव्हतं. मी धरं त्याले. मंग राह्यनं!"

"वना बोलना! सर्वास्नी ऐकं!" मयुरी टाळ्या पिटत नाचली आणि सगळी अंगणवाडी उठली. त्या गोंधळातही वना बोलतच होता. पिल्लाचे कान, पिल्लाचे पाय, पिल्लू कुणाला हात लावू देतं आणि कुणाला नाही. खिचडी निवून गेली.

दुपारी कमलबाई न्यायला आली तेव्हाही त्याचं संपलेलं नव्हतं.

"चाल रे घर."

"थांब ना वो माय. मन्हं सांगनं व्हयनं नही अजून."

कमलबाई उंबऱ्यातच टेकली. नातवाकडे बघितलं, रत्नाकडे बघितलं. "घ्या आता," ती म्हणाली, "तुमनं बी डोकं खाई." आणि उठताना, जणू सहज, "सोमवारी तुमनाकडे जरा उशिरा धाडसू. बकरीनं दूध काढानं शे."

सोमवारी रत्ना हापशावरून पाणी घेऊन आली तर आत पुन्हा शाळा भरलेली. मयुरी बाई झाली होती. कौलाचा तुकडा कोपऱ्यात पडला होता. तिने एक पाय मुडपला होता, दुसरा गुडघा उभा, फ्रॉकचा काठ त्या पायाखाली नीट खोचलेला. समोर वना सांगत होता. मयुरी त्याच्याकडे बघत नव्हती. तळहातावर खडा घोळवत होती.

"मंग?" ती म्हणाली, आणि थांबली.

या पोरांनी रत्नाच्या आईला कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, आत या ना," कोकिळाबाई म्हणाली. "दारात का उभ्या?"

रत्नाने हंडा आवाज न करता खाली ठेवला, चपला काढल्या. रांगेच्या शेवटी जागा होती. ती तिथे जाऊन बसली.