यांगोना सोडायची रीत

पेनिओनीने यांगोना सोडली आणि त्याची बायको वासेमादा पोरं घेऊन घरी परतली. हे वाक्य वाचलं असेल तर न वाचल्यासारखं करा. असं काही घडलेलं नाही. पेनिओनी अजून सासऱ्यांच्या घरी चटईवर मांडी घालून बसलाय आणि त्याच्या पायांना मुंग्या आल्यात.

यांगोना म्हणजे मुळांची पूड, पाण्यात कालवून प्यायची. चव चिखलाची, पण गावात तिच्याशिवाय पान हलत नाही. बारसं असो, मयत असो, नाहीतर भांडण असो, करवंटी फिरतेच. पेनिओनी मात्र निमित्ताची वाट बघत नसे. रोज बैठक, मग दुपारपर्यंत झोप. तारोच्या कंदांच्या मळ्यात गवत माजलं, अंगाची साल माशाच्या खवल्यांसारखी सुटली आणि धाकटा पोरगा त्याला मुक्कामाला आलेला पाहुणा समजू लागला. शेवटी वासेमादा माहेरी निघाली.

"सोडलीस की न्यायला ये," ती म्हणाली. "त्यानंतर एक करवंटी जरी तोंडाला लावलीस, तरी मी तुझी कोणी नाही."

तो दवाखान्यात गेला. सिस्टर लाइसानीने त्याला पाहून सुस्कारा सोडला.

"गोळी द्या," तो म्हणाला.

"याच्यावर गोळी नाही. हळूहळू कमी कर, नाहीतर एकदम सोड. काही दिवस झोप लागणार नाही, चिडचिड होईल. दर आठवड्याला माझ्याकडे बोलायला ये. शहरात समुपदेशक आहेत, त्यांना चिठ्ठी देते. पण मुख्य म्हणजे संगत बदल."

"कुठली बदलू? सगळं गाव माझे चुलतभाऊ आहेत."

"मग शनिवारवाल्या चर्चमध्ये जा. ते पीत नाहीत."

"ते डुक्करही खात नाहीत."

"बरं, मग?"

"सिस्टर, एका वेळी एकच सोडतो."

गावाने त्याच्यासाठी सोडणाऱ्यांचा गटही काढला. पहिल्या सभेचं उद्घाटन रीतीप्रमाणे यांगोनानेच झालं आणि सभा इतकी रंगली की कोणी काही सोडायचं नावच काढेना. पेनिओनी दारातूनच परतला.

त्याला खरं सावरलं ते सिस्टरपुढच्या बाकड्याने आणि गवताने. झोप नाही, म्हणून उजाडताच तो मळा खुरपायचा. आपलं गवत संपल्यावर शेजाऱ्याचं काढलं. त्यात शेजाऱ्याचा भोपळा गेला. पण करवंटीला त्याने हात लावला नाही.

मग तो सासरी माफी मागायला आला. माफी मागताना रीतीने द्यायची यांगोनाच्या मुळांची जुडी मुद्दामच आणली नाही. नवी चटई आणली आणि डबाबंद मांसाचा खोका.

मेव्हणा इलिएसाने खोका हलवून पाहिला. "दाजी, हे कालवायचं कसं?"

"खायचं असतं ते."

"बहिणीला परत मागायला आलात आणि हे? आमची वासेमादा काय सेलमध्ये काढलीय?"

वडीलधारे हसले. सासरे, म्हातारे नेमानी, मात्र खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोटात घातलं." पेनिओनीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा झोप आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात, माफी पक्की व्हावी म्हणून, सासऱ्यांनी घरची यांगोना कालवायला सांगितली.

इलिएसाने भरलेली करवंटी पुढे केली. प्यायली नाही तर माफी कच्ची, म्हणजे सासरे लेकीला पाठवणार नाहीत. प्यायली तर लेक स्वतःच येणार नाही. वासेमादा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पायाशी गाठोडं, बांधून तयार. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, करवंटीकडे बघत होती.

"दाजी, हात भरून आला माझा."

पेनिओनीने रीतीप्रमाणे एक टाळी वाजवली, दोन्ही हातांनी करवंटी घेतली आणि जपून चटईवर ठेवली. मग घसा खाकरून, गावसभेत बोलतात त्या सुरात तो म्हणाला:

"सन्माननीय वडीलधाऱ्या मंडळींनी सदर करवंटी माझ्याकडून रिकामी झाली आहे असे गृहीत धरावे, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवाव्यात आणि माझ्या कुटुंबास माझ्यासोबत जाण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती."