राजनंदिनीच्या फोटोखालची ओळ

मी बायबलची एक जुनी प्रत आहे. जुनी म्हणजे वयानं नाही हं, मित्रांनो. छापून मला अजून दोन वर्षंही झाली नाहीत. पण एखादं दुःख माणसाला एका दिवसात पोक्त करतं ना, तसं माझं झालं. निळा पुठ्ठा, तळहाताएवढा आकार, अक्षर बारीक पण ठसठशीत. दिसायला मी अजूनही झकास आहे, उगाच विनय कशाला!

छापखान्यातून निघालो तेव्हा आम्ही बहिणी एका खोक्यात दाटीवाटीनं बसलो होतो. एका मिशनच्या जीपनं आम्हाला बीड जिल्ह्यात आणलं. मांजरसुंब्याला मंडळी चहाला थांबली आणि तिथं बीडची सत्यशीला येऊन मिळाली. बी.एड. करणारी, रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना शिकवणारी ही मुलगी सुट्टीतले आठ दिवस सेवा म्हणून द्यायला आली होती. कॉलेजच्या मुलामुलींना आम्हा प्रतींचं वाटप करायचं, एवढंच तिचं काम. पण प्रत्येक प्रत ती फडक्यानं पुसायची आणि दोन्ही हातांनी द्यायची. मला ती पहिल्या दिवशीच आवडली. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

अंबाजोगाईला कॉलेजच्या रस्त्यावर, रसवंतीच्या सावलीत आमचं वाटप चाललं होतं. कुणी घेई, कुणी हात जोडून पुढं जाई. तेवढ्यात राजनंदिनी आली. बीडजवळच्या पाली गावच्या सर्जेरावांची थोरली लेक, वसतिगृहात राहून शिकणारी. मला उलटून-पालटून पाहत म्हणाली, "ताई, वाचायला नेते. मला वाचायचा लई नाद हाय. पण धरम-बिरम काय बदलणार न्हाई, आधीच सांगते."

"अगं, वाचायलाच तर देतेय," सत्यशीला हसली.

आता पथकाचे प्रमुख शांतवन सर. त्यांचा एक नियम होता. प्रत घेणाऱ्याचं नाव लिहायचं आणि प्रतीसकट त्याचा फोटो काढायचा. सत्यशीलेनं मोबाईल वर धरताच राजनंदिनी मागं सरली.

"फोटो कावून?"

"फक्त ऑफिसात दाखवायला गं. बाहेर कुठं जाणार नाही. माझा शब्द."

राजनंदिनीनं मला छातीशी धरलं. फोटो निघाला आणि मी तिच्या दप्तरात गेले.

पुढचे वीस दिवस काय सांगू! रोज दुपारी जेवण झालं की ती मला उघडायची. वाचता वाचता चक्क भांडायची. "असं कावून वागला हा माणूस? डोकं फिरलंय काय?" समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढायची, चिवड्याची तेलकट बोटं लावायची. मला मुळीच राग यायचा नाही. पुस्तकाला आणखी काय हवं असतं?

मग मिशनचं मासिक पत्रक निघालं. त्यात तोच फोटो आणि खाली एक ओळ: 'अंबाजोगाईच्या राजनंदिनीने आपला धर्म सोडून प्रभूचा स्वीकार केला.' या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत ते पत्रक पालीत पोचलं, आणि तिसऱ्या दिवशी सर्जेराव वसतिगृहाच्या दारात उभे राहिले.

"खरं हाय का हे?"

"न्हाई आण्णा. नुसतं वाचायला घेतलं व्हतं."

"मग छापलंय कावून? छापलेलं खोटं असतंय व्हय?"

परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. पण त्यांनी एकच सांगितलं, "गाशा गुंडाळ." पालीला आल्यावर राजनंदिनीनं मला एकदाही उघडलं नाही. सत्यशीलेला फोन करून ती एवढंच म्हणाली, "ताई, तुमचा शब्द कुठं गेला?"

सत्यशीला दुसऱ्याच दिवशी पालीला आली. ओट्यावर उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. ओळ खोटी आहे, ती दुरुस्त करा, म्हणून ती शांतवन सरांकडे गेली होती. ते म्हणाले, "एका ओळीनं काय आभाळ कोसळतंय? लोकांचा उत्साह वाढतो. आणि आज ना उद्या खरं होईलच की!"

ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली, मित्रांनो. खोटी साक्ष देऊ नये, हे मी पोटात घेऊन फिरते, आणि माझ्याच माणसांनी माझाच फोटो लावून खोटी साक्ष दिली! परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. घरच्यांनी फसवल्यावर कुणाच्या दारात जायचं?

"मग छापून आणा, हे खोटं हाय म्हणून," सर्जेराव म्हणाले.

"सर छापत नाहीत, काका."

"मंग तुझ्या नुसत्या तोंडाला काय किंमत हाय, पोरी?"

सत्यशीलेनं राजनंदिनीकडून मला मागून घेतलं आणि माझ्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलं: 'राजनंदिनीने हे पुस्तक फक्त वाचायला घेतले. तिने धर्म सोडलेला नाही. फोटोखालची ओळ खोटी आहे. फोटो मी काढला, आणि शब्दही मीच मोडला.'

"सही कर खाली," दारातून तुळजाबाई, राजनंदिनीची आई, म्हणाल्या. "गावाचं नाव बी टाक."

सर्जेरावांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं. मग लेकीकडे न बघताच बोलले, "जा. पेपर दे."

सत्यशीलेनं डोळे पुसले आणि मला दोन्ही हातांनी पुढं केलं. "घे गं. तुझंच आहे."

राजनंदिनीनं हात मागं घेतले. "गोष्ट अर्धीच र्‍हायली, ताई. लई वाटतंय पुरी वाचावी. पण तुमच्या हातून आता न्हाई घ्यायची."

"हे माझ्यापाशी र्‍हाऊ द्या," सर्जेराव म्हणाले. "पुरावा हाय."

म्हणून मित्रांनो, कुणाला पुस्तक दिलंत तर हात आखडता घेऊ नका, पण ते त्याला त्याच्या मनानं वाचू द्या. त्यानं काय मानलं, ते त्याचं त्याला सांगू द्या. तुम्ही त्याच्या नावानं लिहू नका. आज मी पालीत लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत असते. गावात कुणी टोमणा मारला की सर्जेराव मला बाहेर काढतात, पहिलं पान दाखवतात आणि मिटतात. दुसरं पान कुणी उलटत नाही.