उजवीकडचं बटण

कापड कारखान्यात तिला सगळे ‘तोफ’ म्हणायचे. मागांच्या खडखडाटात एकमेकींशी बोलायचं तर ओरडावंच लागे, आणि तिच्यासारखं ओरडणं कुणालाच जमत नसे. एकतीस वर्षं तिनं माग चालवले. त्या बदल्यात उजवा कान निम्म्याहून जास्त गेला.

निवृत्तीच्या वेळी मैत्रिणींनी भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. तोफेच्या कानावर आलं तशी ती म्हणाली, “घड्याळानं आजवर पळवलं तेवढं पुरे. द्यायचंच असेल तर स्पीकर द्या. दोन.”

त्यांनी खरंच दोन स्पीकर दिले, गुडघ्याएवढ्या उंचीचे, लाकडी. डिस्क वाजवणारं यंत्र घरात होतंच. पण नुसती तार जोडून त्या स्पीकरमधून आवाज निघेना. मधे आवाजाला बळ देणारा ॲम्प्लिफायर लागतो, हे तिला मुलाकडून कळलं.

“पण आई, खरं सांगू?” मुलगा म्हणाला. “तुला दोन स्पीकरचा उपयोग काय? एका कानानं ऐकणार तू. मोबाईलला जोडायचा एक छोटा स्पीकर आणून देतो, मस्त वाजतो.”

“तुझा डावा डोळा अधू आहे ना?”

“हो. मग?”

“मग चष्म्याला एकच काच का नाही लावून घेत?”

शनिवारी सकाळी दोघं टॅक्सीनं दुकानात गेले. दोन्ही स्पीकर तिनं चादरीत गुंडाळून सोबत घेतले होते. मुलानं पुष्कळ समजावलं, पण व्यर्थ. चपलासुद्धा आपण पायात घालूनच घेतो, असं तिचं म्हणणं.

दुकानदार पन्नाशीचा, बोलण्यात लोण्यासारखा मऊ. मागच्या बाजूला त्याची काचेची खोली होती. तिथे गालिचा, एक खुर्ची आणि भिंतभर यंत्रं. त्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि बोलायला लागला तो मुलाशीच.

“साहेब, पहिल्यांदाच घेताय तर पुढचा विचार करून घ्या. हा बघा, दोनशे वॅटचा.”

“अहो, ऐकणार मी आहे,” तोफ म्हणाली. काचा हादरल्या. “माझ्याशी बोला.”

दुकानदार चपापून वळला. “मावशी, तुम्हाला जरा किचकट वाटेल म्हणून...”

“चोवीस माग एकटीनं सांभाळलेत मी. सांगा तर खरं, किती किचकट आहे ते.”

त्यानं सांगितलं. तिनं ऐकलं, न कळलेलं दोनदा विचारलं. मग म्हणाली, “माझी खोली दहा बाय बारा. मला मैदानात सभा नाही घ्यायची. दोनशे कशाला?”

“ताकद हाताशी असलेली बरी.”

“बरं. आणि एका बाजूचा आवाज कमी, दुसरीचा जास्त करायचं बटण कुठाय?”

“बॅलन्स?” तो हसला. “ते आता चांगल्या यंत्रांत ठेवत नाहीत, मावशी. आवाजाच्या वाटेत जितकी बटणं कमी, तितका तो शुद्ध. गाणाऱ्यानं रेकॉर्डिंगच्या वेळी जागा ठरवलेली असते. आपण ती हलवायची नाही.”

“गाणारीला माझ्या उजव्या कानाची काय कल्पना?”

मुलानं हळूच तिच्या हाताला स्पर्श केला. “आई, ते या धंद्यातले आहेत. त्यांना कळतं.”

“त्यांच्या कानांचं त्यांना कळतं.”

तिची नजर भिंतीवरून फिरत सगळ्यात खालच्या फळीवर थांबली. तिथे एक बुटका, काळा ॲम्प्लिफायर होता. तीन गोल बटणं. तिसऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन अक्षरं, डाव्याचं आणि उजव्याचं.

“तो?”

“तो चाळीस वॅटचा. अगदी शिकाऊ लोकांसाठी.”

“मी शिकाऊच आहे. लावा.”

दुकानदारानं आधी मोठा लावला. तिनं पिशवीतून आपली डिस्क काढून दिली. एक बाई गात होती, मागे व्हायोलिन. आवाज भरदार होता, यात शंका नाही. पण सगळा डावीकडे. जणू बाई बाजूच्या घरात गात होती आणि ही भिंतीला कान लावून बसली होती. कान गेल्यापासून तिनं संगीत असंच ऐकलं होतं, चोरल्यासारखं, एका बाजूनं.

मग छोटा लावला. ती उठली, तिसरं बटण स्वतः उजवीकडे फिरवलं, परत बसली. जरा जास्त झालं. उठली, थोडं मागे आणलं. बसली. असं चार वेळा झालं. दुकानदार घड्याळ बघायला लागला.

पाचव्या वेळी ती बसली आणि हललीच नाही. बाई डावीकडून निघाली होती. दोन स्पीकरच्या मधे, जिथे काहीच नव्हतं, तिथे ती येऊन उभी राहिली होती.

“इथे,” तोफ म्हणाली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. एवढ्या हळू आवाजात बोलताना मुलानं तिला कधी ऐकलं नव्हतं. “ती इथे आहे.”

“पण मावशी, हे वाकडं लागलंय,” दुकानदार कळवळून म्हणाला. “सगळं उजवीकडे झुकलंय. मला सहन होत नाहीये.”

“मग तुम्ही बाहेर थांबा. आणि हाच द्या. पण मांडलेला नको, खोक्यातला नवा.”

घरी तिनं तारा स्वतः जोडल्या, लालला लाल, काळ्याला काळी. मुलगा मदतीला वाकला तर त्याला स्वयंपाकघरात पिटाळलं. त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की ती खुर्चीत बसे आणि एक डिस्क शेवटपर्यंत ऐके. मधे कुणी बोललेलं तिला चालत नसे.

पंधरा दिवसांनी मुलगा सुट्टीला घरी होता. डिस्क संपल्यावर ती चहा टाकायला आत गेली तेव्हा त्यानं तीच डिस्क पुन्हा लावली आणि तो तिच्या खुर्चीत बसला. आवाज त्याला वाकडा वाटला. त्यानं भल्या मनानं बटण फिरवून मध्यावर आणलं. ती चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

“कुणी हलवलं?”

“मी सरळ केलं गं. बरोब्बर मधे आणलं.”

तिनं कप खाली ठेवले. “कुणाच्या मधे?”

त्यानं दोन्ही स्पीकरकडे बोट दाखवलं.

“एकतीस वर्षं कारखान्यातले साहेब सांगायचे, आवाजाची सवय होईल. डॉक्टर म्हणाला, या वयात चालायचंच. तू म्हणालास, एकच स्पीकर पुरे. सगळ्यांचं ऐकून झालं माझं. आता ऊठ तिथून.”

तो उठला. तिनं बटण उजवीकडे नेलं, थोडं मागे आणलं, आणि मग मुद्दाम आवाजही वाढवला. मुलानं स्टूल ओढलं आणि तिच्या उजव्या बाजूला, जिथून तिला सगळ्यात कमी ऐकू येई, तिथे टेकला. इथून डाव्या स्पीकरचा आवाज अगदीच बारीक येतो, एवढं त्याला म्हणायचं होतं. पण पुढचं गाणं सुरू झालं होतं.