बारावी ओळ

मंजुश्रीने मापाचा व्हर्नियर हाडाच्या प्लास्टरच्या ठशावर घट्ट केला, आकडा वाचला आणि तोंड वाकडं केलं. दंडाचं हाड, तेही अर्धं. लाखो वर्षांपूर्वी संपलेल्या, समुद्रातल्या एका सील प्राण्याचं. तेवढ्या तुकड्यावर तिचे मार्गदर्शक बसलिंगप्पा सरांनी वीस वर्षांमागं अख्खी नवी जात उभी केली होती.

“अजून तेच करायलात का, मॅडम?” प्रयोगशाळेतले संगप्पा चहा ठेवत म्हणाले.

“तेच, काका. आजच्या सीलमध्ये एकाच जातीच्या नर-मादीत याहून जास्त फरक असतो. अन् हे म्हणे नवी जात.”

“आमच्या उदगीरच्या बाजारात खुबा चाचपून म्हशीचं दूध सांगणारे हायत. त्येंलाबी डॉक्टर करा की.”

ती हसली नाही. तिच्या प्रबंधात अशी अकरा नावं होती, अकरा जणांनी ठेवलेली. हाडाचा तुकडा, त्याला नाव, मग बढती, मग हारतुरे. प्रत्येक तुकडा मोजताना तिला उष्ट्या ताटात हात घातल्यासारखं व्हायचं. सरांचा तुकडा मोजताना तर जास्तच. श्रावणी सोमवारी शिवकीर्तन करताना हेच सर म्हणाले होते, ‘महादेवापुढं माप खरं ठेवा’, आणि टाळांच्या गजरात ती डोळे पुसत बसली होती. आता तो गोड आवाज आठवला की ती ओढणीला हात पुसायची.

आज प्रबंधाच्या या प्रकरणावर त्यांची सही हवी होती. सहीशिवाय प्रबंध पुढं जात नव्हता, आणि लातूरच्या कॉलेजातली मुलाखत पुढच्या आठवड्यात होती.

सर आले, बसले, पानं उलटू लागले. तक्त्यात तिसऱ्या ओळीत त्यांच्या जातीपुढं लिहिलं होतं : ‘नाव रद्द करावे.’ मंजुश्री ओठ आवळून भांडणाची वाट पाहत राहिली.

“बरोबर हाय,” सर म्हणाले. “कुणीतरी लई आधी काढायला पायजे होतं. माझ्यानं झालं न्हाई.”

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पानाच्या तळाशी सही केली. मग बोट तक्त्याच्या शेवटच्या, बाराव्या ओळीवर ठेवलं. ती जात मंजुश्रीने स्वतः दोन वर्षांपूर्वी शोधली होती, सरांचंच नाव देऊन. मुलाखतीचं बोलावणंही त्या जातीच्याच जोरावर आलं होतं. त्या ओळीपुढं तिने लिहिलं होतं : ‘अधिक नमुने मिळेपर्यंत नाव राखून ठेवावे.’

“ही कशावरून?”

“मांडीच्या हाडावरून.”

“किती हाय?”

“निम्मं.”

“नर का मादी, पोरी?”

सरांनी कागद तिच्याकडं सरकवला.

“सही झाली. आता त्या ओळीचं तुझं तू बघ.”

ते चपला घालून वर्गावर गेले.

“चिडले का वं?” संगप्पांनी विचारलं.

“नाही.”

तिने कपाटातून मांडीच्या हाडाचा ठसा काढला, दोनदा मोजला. दोन्ही वेळा आकडा तोच आला, नर-मादीच्या फरकात सहज बसणारा. तिने तो ठसा टेबलावर ठेवला आणि ओढणीला हात पुसला. मग परत पुसला.

“हाताला काय लागलं, मॅडम?”

“काही नाही,” ती म्हणाली, आणि नळाकडं गेली.